कलम पुन्हा वाचावं

नगरपालिकेत त्यांना सगळे हरकतकाका म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावरच म्हणत, आणि तेही ओ देत. पेशाने शिंपी. बाजाराच्या कोपऱ्यावरचं दुकान त्यांनी भाच्याच्या हवाली केलं होतं. नगरसेवकपद मात्र सुटलं नव्हतं, कारण त्यांच्या वॉर्डातून दुसरं कुणी उभंच राहत नसे.

सभेचा एक जुना नियम होता. कुठल्याही सदस्याने "कलम पुन्हा वाचावं" म्हटलं की सचिवाने ते कलम पहिल्या शब्दापासून वाचायचं आणि त्यावर बोलायची सगळ्यांना पुन्हा मुभा. हा नियम आहे हेच लोक विसरून गेले होते. गेल्या वर्षापासून काकांनी तो असा काही वापरायला काढला की सगळ्यांच्या नाकी नऊ आले. गटाराची झाकणं असोत नाहीतर पाण्याची टाकी, काकांचा हात वर. "हरकत आहे. कलम पुन्हा वाचावं."

म्हातारा पैशाच्या बाबतीत फार काटेकोर आहे, असं लोक समजत. गावच्या वर्तमानपत्रात 'जागरूक सदस्य' म्हणून त्यांचा फोटोही आला होता. खरी गोष्ट एवढीच होती की सभा संपली की घरी जावं लागे.

बायको होती तेव्हा हेच काका अंधार पडायला लागला की खुर्चीत चुळबुळ करत. "पुरे झाली चर्चा, मतं घ्या," हे वाक्य तेव्हा त्यांचं ठरलेलं. ती जेवायची थांबलेली असे. उशीर झाला तर बोलत नसे, नुसती भांडी जरा जोरात ठेवी. आता भांडी जागच्या जागी असत. काका निघताना स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवून निघत. परत येताना गल्लीच्या तोंडाशी खिडकी उजळलेली दिसली की पाय थोडे लवकर उचलत. दिवा आपणच लावलाय हे ठाऊक असूनही.

त्या वर्षी अंदाजपत्रकात मोठी तूट आली. पाण्याची मुख्य वाहिनी फुटली होती, तिच्या दुरुस्तीत शिल्लक वाहून गेली. अध्यक्षबाई दातांच्या डॉक्टर होत्या. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, "दात काढावा लागणार आहे. कुठला काढायचा तेवढं ठरवू या. आणि कृपा करून आजच ठरवू या."

असं म्हणताना त्यांनी काकांकडे पाहिलं. सगळे हसले.

पहिलं कलम वाचनालयाचं निघालं. संध्याकाळचं वाचनालय बंद करायचं, दुपारपर्यंतच उघडं ठेवायचं, असा प्रस्ताव होता. ग्रंथपालबाईंना बोलावलं होतं. त्या अंगातला स्वेटर न काढताच उभ्या राहिल्या.

"संध्याकाळी किती पुस्तकं जातात हो?" बेकरीवाल्या सदस्याने विचारलं.

"फारशी नाही जात."

"मग लोक येतात कशाला?"

ग्रंथपालबाई म्हणाल्या, "खरं सांगू का, संध्याकाळी येणारे वाचायला येत नाहीत. दिवा असतो, चार माणसं असतात, म्हणून येतात. पेपर धरून बसतात. पानही उलटत नाहीत कितीतरी जण."

"म्हणजे आपण वाचनालय नाही, धर्मशाळा चालवतोय," बेकरीवाला म्हणाला.

"धर्मशाळेत झोपू देतात," बसड्रायव्हर असलेला सदस्य म्हणाला. "माझ्या शेवटच्या फेरीत बघा एकदा. कुठंही जायचं नसलेली माणसं बसलेली असतात. शेवटचा स्टॉप आला तरी उतरत नाहीत. ही बाई त्यांना फुकटात बसवते, मला तिकीट तरी मिळतं."

काकांना या वेळी हात वर करायचं सुचलं नाही. ते ग्रंथपालबाईंच्या स्वेटरकडे बघत राहिले. कोपरावर ठिगळ होतं, टाके मात्र उसवायला आलेले.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "हे ठेवायचं असेल तर दुसरीकडून कुठून निघेल? सचिव, बघा जरा."

सचिव म्हणजे एक शांत बाई. कुणाच्या अध्यात ना मध्यात. कागद चाळून त्या म्हणाल्या, "एक बाब आहे. सभांचा खर्च. सभा दर आठवड्याला होते आणि गेल्या वर्षापासून लांबते. सभागृहाची वीज, चहा, पहारेकऱ्याचा आणि गाडीच्या ड्रायव्हरचा जादा वेळ, सदस्यांचा भत्ता. महिन्यातून एकच सभा घेतली आणि ती वेळेत संपवली, तर जे वाचेल त्यात वाचनालयाची संध्याकाळ निघते. वर थोडे उरतातही."

सभागृहात कुजबुज झाली. बसड्रायव्हर मागे वळून म्हणाला, "काका, घ्या. वाचनालय कुणी खाल्लं ते कळलं. तुम्ही एकेक हरकत घेत होता आणि तिकडं एकेक दिवा विझत होता."

त्याने चेष्टाच केली होती. बाकीचे हसले, काकाही हसले. पण चहाचा कप त्यांनी अर्धाच खाली ठेवला.

"विषय पुढच्या सभेत मताला टाकू," अध्यक्षबाई म्हणाल्या. "तोवर विचार करा. भत्ताही जाणार आहे, हे लक्षात ठेवूनच करा."

घरी येऊन काकांनी बूट काढले आणि खुर्चीत बसले. समोरची खुर्ची बायकोची. खुर्चीच्या पाठीवर तिची शाल अजून होती. मुलगी आली होती तेव्हा म्हणाली होती, "बाबा, ही कुणाला तरी देऊन टाकू या का?" काका म्हणाले होते, "असू दे, खुर्ची झिजत नाही त्याने."

त्या दिवशी मुलीचा फोन आला.

"जेवलात का?"

"आत्ताच आलो. सभा होती."

"काय हो ही तुमची सभा. जरा घरी बसत जा की निवांत."

"बसू कसा. अंदाजपत्रक आहे. तूट आहे मोठी."

"तुमच्याशिवाय भरून निघणार नाही वाटतं."

"माझ्यावरच अडलंय," काका म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते खरं होतं.

फोन ठेवल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की सभा गेली तर संध्याकाळ जाईलच, शिवाय लेकीला सांगायला काही उरणार नाही. ती विचारेल, काय करत होता? मग काय सांगायचं? बसलो होतो. कुठे? घरात. एवढं ऐकलं की ती लगेच म्हणणार, आमच्याकडे या राहायला. जावयाच्या घरी पाहुण्यासारखं कोपऱ्यात बसायचं त्यांच्या जिवावर येत होतं. सभा होती तोवर त्यांना घर सोडून कुठे राहायला जावं लागत नव्हतं आणि घरात बसावंही लागत नव्हतं. एवढी सोय त्यांना दुसऱ्या कशानेच दिली नसती.

सोपा मार्ग होता. हरकत घ्यायची. कलम पुन्हा वाचायला लावायचं, सभा पुढे ढकलायची, असं करत वर्ष ढकलायचं. वाचनालयाचं जे व्हायचं ते होईल. तिथे ते कधी गेलेही नव्हते.

पुढच्या सभेला काका अंगावर इस्त्रीचा शर्ट घालून गेले. भत्त्याचा प्रश्न असल्याने सगळे झाडून हजर होते. बेकरीवाल्याने आधीच चार जणांना आपल्या बाजूला ओढलं होतं. "सभा महिन्यातून एकदा झाली तर लोकांची कामं कशी होणार?" असं तो फार कळवळून बोलला. बसड्रायव्हर म्हणाला, "लोकांची का तुझ्या पावांची? सभेचा नाश्ता कुणाकडून येतो ते सांग की सभागृहाला." त्यावर बराच गोंधळ झाला.

महिन्यातून एकच सभा, या कलमावर हात मोजले तर दोन्हीकडे सारखेच. काकांनी कुठल्याच बाजूला हात वर केला नव्हता.

"काका," अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुमचंच राहिलं. हरकत असेल ना?"

"हरकत नाही," काका म्हणाले.

बसड्रायव्हरने कानात बोट घालून हलवलं.

"हरकत नाही. पण कलम पुन्हा वाचावं."

कुणीतरी मोठा सुस्कारा सोडला. अध्यक्षबाईंनी कपाळाला हात लावला. सचिवबाई मात्र उठल्या. त्यांनी चष्मा पुसला आणि पहिल्या शब्दापासून वाचायला सुरुवात केली. त्या नेहमी भराभर वाचत. त्या दिवशी त्यांनी प्रत्येक शब्द सुटा सुटा वाचला, पूर्णविरामाला थांबल्या, पान उलटायलाही वेळ घेतला. मध्येच एकदा त्यांनी काकांकडे पाहिलं. बायको वारली त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात काका सभेला आले होते आणि पहिली हरकत घेतली होती. ते या बाईंच्या तेव्हाच लक्षात आलं असावं, असं काकांना वाटलं. इतके दिवस त्या काही न बोलता वाचत राहिल्या होत्या.

कलम संपलं. काकांनी हात वर केला. "बाजूने."

बाहेर आले तेव्हा अजून उजेड होता. पहारेकरी कुलूप लावता लावता म्हणाला, "आज लवकर सुटका झाली, काका." काका "हो," म्हणाले आणि पायऱ्यांवर उभे राहिले. सगळे आपापल्या वाटेने गेले. बसड्रायव्हरने जाताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. चेष्टा केली नाही, म्हणजे त्याच्या मानाने फारच झालं.

काका घराच्या दिशेने निघाले आणि कोपऱ्यावरून वळून वाचनालयात गेले. ग्रंथपालबाईंनी त्यांना ओळखलं. "या," एवढंच म्हणाल्या. काय पाहिजे म्हणून विचारलं नाही.

लांब टेबलाभोवती काही माणसं बसली होती. काका एका रिकाम्या खुर्चीत बसले आणि समोरचा पेपर ओढून घेतला. शेजारच्या माणसाने आपला कोपर थोडा आत घेतला. काकांनी मथळा वाचला, मग परत वाचला. दिव्याचा बारीक आवाज येत होता. घरी असंच बसायचं असतं, पण तिथे हे जमत नाही, असं त्यांच्या मनात आलं. बायकोची आठवण तिथे होती तशीच इथेही होती. फक्त इथे कुणीतरी खोकत होतं.

बऱ्याच वेळाने ग्रंथपालबाईंनी किल्ल्यांचा जुडगा उचलला. "चला मंडळी, वेळ झाली."

कुणी हललं नाही. टोकाच्या एका म्हाताऱ्या बाईने मान वर न करता म्हटलं, "एवढं पान होऊ दे माझं." तिच्या समोरचं पान काका आल्यापासून तेच होतं. तिच्या पलीकडचा माणूस म्हणाला, "माझंही जरा राहिलंय."

काकांनी दोघांकडे पाहिलं. मग आपल्या पेपरावर बोट ठेवलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागले. ग्रंथपालबाईंनी किल्ल्या परत टेबलावर ठेवल्या.