पिवळीची हनुवटी

माझ्या ताईला सगळं जमतं. हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या लोकांकडून ऐकलंय, की आता कुणी नुसतं ‘तुझी ताई’ म्हणालं तरी माझ्या कपाळाला आठी पडते. अभ्यास, पोहणं, गाणं, नवरा, सगळं तिला पहिल्या झटक्यात. ती दातांची डॉक्टर झाली, मी चष्म्याच्या दुकानात फ्रेममध्ये काचा बसवते. त्याचं मला काही नाही. खरंच नाही. पण मासे माझे होते.

मासे म्हणजे सिक्लिड. आफ्रिकेतल्या मोठ्या सरोवरातले, दिसायला देखणे आणि स्वभावाने भांडकुदळ. दगडांच्या कपारी रचून दिल्या नाहीत तर जागेवरून एकमेकांचे पर कुरतडतात. त्यांना ओळखणंही सोपं नाही. एका जातीची मादी दुसऱ्या जातीच्या नरासारखी दिसते, आणि दुकानदार दिसेल त्या पिवळ्या माशाला ‘इलेक्ट्रिक यलो’ म्हणून मोकळा होतो. पोटाखालचे पर काळेभोर असले तर बहुतेक नर, फिकट असले तर मादी, हे मला लांबून कळतं. ओळखीपाळखीचे लोक फोटो पाठवून विचारतात, हा कोण? या एका बाबतीत आमच्या घरात माझा शब्द शेवटचा होता.

आणि मग ताईने दवाखान्यात, पेशंट ताटकळत बसतात तिथे, टाकी मांडली. पाणी कसं हवं, दगड कसे रचायचे, सगळं मलाच विचारून. बघता बघता तिचे मासे असे रंगले की लोक दाढदुखी विसरून टाकीसमोर उभे राहायला लागले. आमच्या मासेवाल्याने तर त्या टाकीचा फोटो दुकानात लावला. “ताईंच्या हाताला गुण आहे हो,” मला शिंपल्यांचा चुरा पिशवीत भरून देताना तो म्हणाला. पाणी जड, क्षारांचं राहण्यासाठी हा चुरा ठेवत जा, हे त्याला मीच शिकवलेलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

माझं दुखणं वेगळंच होतं. या पिवळ्या जातीची मादी अंडी तोंडात धरते आणि पिल्लं पोहण्याजोगी होईपर्यंत उपाशी राहते. माझी पिवळी अंडी धरायची, मला चार दिवस आशेवर ठेवायची आणि एका सकाळी सगळी गिळून, काही झालंच नाही अशा तोंडाने दाणे मागायला यायची. कितीदा झालं असं. मला एकदा, फक्त एकदा, स्वतःच्या घरात पिल्लं बघायची होती. आणि तीही ताईच्या आधी.

अशात ताईचा फोन आला.

“चिंगे, माझी एक पिवळी खात नाहीये गं. कोपऱ्यात बसून असते. आजारी आहे का, बघून जातेस?”

मी गेले. दगडाआड तिची पिवळी चूळ तोंडात धरून बसल्यासारखी बसली होती. हनुवटी फुगलेली, जबडा हळूहळू हलतोय. तोंडात अंडी. ताईला हेही पहिल्या झटक्यात.

“काय झालंय तिला?” ताईने हातमोजे काढत विचारलं.

“संसर्ग,” मी म्हणाले. शब्द आपोआप आला. “घशाला सूज आहे. बाकीच्यांना लागण होईल. मी घरी नेते, वेगळी ठेवते.”

“ने बाई. मला काय कळतंय त्यातलं.”

हे वाक्य तिच्याकडून ऐकण्यासाठी मी आयुष्यभर थांबले होते. तरी बादली घेऊन जिना उतरताना म्हणावं तसं गोड लागलं नाही. पाणी हिंदकळू नये, ती घाबरून अंडी थुंकू नये, एवढंच डोक्यात होतं.

घरी छोटी टाकी, फुटक्या कुंडीचा तुकडा, वरून टॉवेल. मी पावलं न वाजवता चालायची. ताईचा फोन आला, “कशी आहे गं ती?” तेव्हा मी म्हणाले, “गेली.”

“अरेरे,” ताई म्हणाली. “असू दे. तू तरी काय करणार.”

आणि एका सकाळी टॉवेल उचलला तर कुंडीभोवती तांदळाच्या कणीएवढी पिल्लं थरथरत होती. प्रत्येकाला दोन काळे डोळे. मी फरशीवर बसले आणि चक्क रडले. माझी, असं दहा वेळा म्हणाले. मासेवाल्याला कोणत्या शब्दांत सांगायचं तेही ठरवून टाकलं.

रविवारी न कळवता ताई आली. टॉवेल टाकायला मी धावले, पण ती आधीच टाकीसमोर वाकली होती. तिने पिल्लं बघितली, रोडावलेली पिवळी बघितली. मग पर्स उघडून एक छोटी डबी माझ्यापुढे धरली.

“हे काय?”

“पिल्लांचं खाणं. मासेवाल्याकडून अगदी बारीक करून घेतलंय. मोठे दाणे त्यांच्या तोंडात मावायचे नाहीत.”

मी डबी हातात घेतली. “तुला माहीत होतं?”

“चिंगे, मी दिवसभर लोकांची तोंडं बघते. भरलेलं तोंड मला कळणार नाही होय?”

“मग फोन कशाला केलास?”

“तुझी दर वेळी गिळते म्हणून.” तिने माझ्याकडे न बघता काचेवरून बोट फिरवलं. “सरळ दिली असती तर घेतली असतीस तू?”

नसती घेतली. मेले असते पण घेतली नसती. ती ओरडली असती, खोटारडी म्हणाली असती, तर मी भांडले असते, रडले असते आणि मोकळी झाले असते. निदान चोरी तरी माझी स्वतःची असती. तेवढंही तिने मला ठेवलं नाही.

“टाक ना,” ती म्हणाली, “भुकेली असतील.”

मी चिमूटभर पूड पाण्यावर सोडली. सगळी पिल्लं एकदम वर आली, माझ्या बोटांखाली नुसती झुंबड.

“बघ,” ताई अगदी मनापासून म्हणाली, “तुझ्या हाताला गुण आहे.”

डबी तिची होती, मासोळी तिची होती. तिचा इतका राग मला जन्मात कधी आला नव्हता. मी आणखी एक चिमूट घेतली आणि पिल्लांना घातली.