मिशी जरा वाकडीच राहिली

"भांडा रे भांडा, उंबऱ्यात भांडा,
चूक कुणाची ती चुलीपाशी सांडा;
आधी म्हणेल 'माझी', त्याला साय ताजी!"

आईचा हा आवाज स्वयंपाकघरातून निघायचा आणि अंगणात एकमेकांच्या झिंज्या धरून बसलेल्या दोघा भावंडांच्या कानांत कोमट दुधासारखा ओतला जायचा. झिंज्या सुटायच्या. मघापर्यंत 'ही चावली', 'यानं ढकललं' म्हणून गल्ली गोळा करणारी ती दोघं 'माझी, माझी, चूक माझी!' करत चुलीकडे धावायची. साय एक, जिभा दोन. चूक आपल्या पदरात पडावी म्हणून एवढी चढाओढ त्या घराबाहेर कुणी पाहिली नसेल.

ते अंगण गेलं, आई गेली. थोरल्या बहिणीचे केस पिकले, धाकट्या भावाचे तर उडालेच. आणि 'माझी' हा शब्द दोघांच्याही घशात जो आडवा बसला, तो बसलाच.

कारण एक मिशी.

बहिणीचं लग्न झालं तेव्हा भाऊ नुकताच केस कापायचा धंदा शिकत होता. म्हणजे हातात कात्री आणि तोंडातही कात्री. भरल्या पाहुण्यांत नवरदेवाकडे बघून म्हणाला, "ताई, नवरा केलास का केरसुणी? नाकाखाली घर झाडायची सोय झाली तुझी!" पाहुणे हसले. नवरदेवही हसला. हसली नाही ती नवरी. "पुन्हा दारात दिसलास तर ह्याच केरसुणीनं झाडून काढीन," ती म्हणाली. "बोलावल्याशिवाय येतोय कोण!" तो म्हणाला. तिनं बोलावलं नाही, तो गेला नाही. शहर एकच, पण दोघांनी आपापले रस्ते वाटून घेतले आणि त्यावरून चालत चालत म्हातारी झाली.

आणि आता बहीण सरकारी रुग्णालयाच्या पुरुषांच्या वॉर्डात, पिवळा एप्रन घालून, खिडकीजवळच्या खाटेसमोर उभी होती. खाटेवर तोच होता.

तो तिथं कसा आला, त्याची गोष्ट वॉर्डाला पाठ होती. स्वतःच्याच दुकानात, स्वतःच कापलेल्या ओल्या केसांवरून घसरून त्यानं खुबा मोडून घेतला होता. नातेवाईक कोण, असं विचारल्यावर "कोणी नाही" म्हणाला होता. ज्याला भेटायला कुणी येत नाही, त्याच्यासाठी एका संस्थेचा 'सोबत' नावाचा उपक्रम होता. संस्थेची माणसं अशा रोग्याजवळ संध्याकाळी येऊन बसायची, पाणी द्यायची, दोन शब्द बोलायची. उसने नातेवाईकच म्हणा. संस्थेच्या संयोजिका बाईंनी वॉर्डाची यादी बघितली, आपली माणसं बघितली आणि देवाच्या मनात नसेल अशी जोडी लावून दिली.

"ह्या तुमच्या सोबतीण," संयोजिका बाई म्हणाल्या. "ओळख नाही म्हणून संकोच करू नका हं. ओळख हळूहळू होते."

"होईल की," भाऊ छताकडे बघत म्हणाला. "चेहरा तसा रागीट दिसतो, पण होईल."

"आजाऱ्याचं मनावर घेऊ नये, असा नियमच आहे आमच्यात," बहीण म्हणाली आणि त्याची उशी अशी काही ठोकली की शेजारच्या खाटेवरचा ट्रकड्रायव्हर पायाच्या प्लास्टरसकट दचकला.

संयोजिका बाई गेल्या. दोघांपैकी एकानंही 'अगं' म्हटलं नाही की 'अरे' म्हटलं नाही. तिला वाटलं, नातेवाईक कोणी नाही म्हणाला ना? मग नाही. त्याला वाटलं, संस्थेच्या एप्रनमध्येच येते काय? मग एप्रनच राहू दे.

संस्थेचा आणखी एक नियम होता. रोग्याला आपल्या घरचं काही सांगायचं नाही. तो नियम बहिणीनं तंतोतंत पाळला. ती रोज फक्त गोष्ट सांगायची.

"एक होती बहीण," ती स्टुलावर बसून सुरू करायची. "बिचारी गुणी. तिला होता एक भाऊ. जीभ लांब, अक्कल आखूड."

"ही ठाऊक आहे मला," भाऊ म्हणायचा. "त्या बहिणीचं नाक एवढं मोठं होतं की मुंगीएवढ्या रागापासून हत्तीएवढ्या रागापर्यंत सगळे त्यावर मावायचे."

"नाक दोघांचंही सारखंच होतं म्हणतात."

"भावाला शोभायचं."

ड्रायव्हर पडल्या पडल्या एकदा ह्या नाकाकडे बघायचा, एकदा त्या. शेवटी त्याला राहवेना. "काका," ती गेल्यावर त्यानं विचारलं, "ह्या बाई तुमच्या नक्की कोण?"

"कोणी नाही. संस्थेच्या आहेत."

"संस्था नाकंही एकाच साच्यातली पुरवते वाटतं!"

"तू तुझं प्लास्टर खाजव," भाऊ म्हणाला.

पण ती यायच्या वेळेला तो दाढीवरून हात फिरवून घ्यायचा, आणि ज्या दिवशी तिला उशीर झाला, त्या दिवशी नर्सबाईंवर खेकसला, "तुमच्या त्या संस्थेला वेळेचं काही आहे की नाही?"

बहिणीलाही चैन नव्हतं. हे रुग्णालय तिच्या ओळखीचं होतं. ह्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर, तिचा नवरा अर्धांगवायूनं पडला होता. आयुष्यभर मिशीला पीळ दिल्याशिवाय उंबरा न ओलांडलेला माणूस, शेवटी दाढीच्या खुंटांत बुडून गेला होता. ती एकदा चहा प्यायला बाहेर गेली. परत आली तर नवरा गुळगुळीत, गालाला पावडरचा वास, मिशी कातरलेली. नवरदेव जसा! पलीकडचा रोगी म्हणाला, "कोणीतरी न्हावी येऊन गेला. संस्थेचा असेल." नवऱ्याला बोलता येत नव्हतं, पण एका डोळ्यानं तो खुदखुदत होता. त्याच आठवड्यात तो गेला, पण गेला तो राजासारखा. त्या न्हाव्याचे उपकार फेडायचे म्हणून तर तिनं हा एप्रन अंगावर चढवला. चढवल्यावर कळलं, संस्थेकडे न्हावी कधी नव्हताच.

तेव्हापासून मनात एक कुसळ होतं. खिडकीजवळच्या खाटेवर भावाला बघितल्यापासून ते कुसळ टोचायला लागलं होतं. पण विचारायचं कसं? विचारलं तर ती हरली. आणि तो? तो मेला तरी आपण होऊन सांगायचा नाही.

तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, हाड धरतंय, आता घरी सोडू. पण एकट्यानं राहायचं नाही. घरी कोणी असेल तर ठीक, नाहीतर संस्थेचं शुश्रूषागृह आहे. ते शहराबाहेर टेकडीपलीकडे, फक्त बिनमाणसांच्या माणसांसाठी. एकदा तिथं गेला की संध्याकाळी स्टुलावर बसायला तिथली सोबतीण वेगळी.

"छान हवा आहे तिथं," संयोजिका बाई म्हणाल्या. "उद्या गाडी येईल."

"छानच," भाऊ म्हणाला.

"छानच," बहीण म्हणाली.

"हवेचं काय करायचंय, हवा इथंही येते," ड्रायव्हर पुटपुटला, पण त्याला कोण विचारतो.

त्या रात्री बहिणीनं घरातली मागची खोली झाडली. खाट उन्हाच्या खिडकीशी सरकवली. मग स्वतःलाच म्हणाली, 'आपण का बोलवायचं? तो म्हणू दे ना.' आणि खाट परत भिंतीला लावली.

दुसऱ्या दिवशी गाडीच्या आधी देणगीदार आले. सोबत फोटो काढणारा. संयोजिका बाईंनी त्यांना थेट खिडकीजवळच्या खाटेपाशी आणलं. "ही आमची सगळ्यात यशस्वी जोडी! काल-परवापर्यंत एकमेकांना ओळखतही नव्हते. बघा, परक्या माणसांत कसा जिव्हाळा जुळतो!"

"नाकंसुद्धा जुळली," ड्रायव्हर म्हणाला.

एक वयस्क देणगीदार बाई बहिणीला म्हणाल्या, "तुम्ही ह्या कामात कशा आलात, ते सांगा ना."

बहिणीनं भावाकडे बघितलं. गाठोडं बांधून, नवी काठी मांडीवर घेऊन तो बसला होता. अंगणात झिंज्या धरायच्या आधी जी चमक तिच्या डोळ्यांत यायची, ती आली.

"माझे यजमान इथंच होते," ती म्हणाली. "शेवटच्या दिवसांत कोण्या परक्या न्हाव्यानं येऊन त्यांची दाढी केली, मिशी कातरली. त्याचे उपकार म्हणून आले."

"किती सुंदर!" देणगीदार बाईंचे डोळे भरले.

"हो, सुंदरच. म्हणजे," बहिणीनं सुस्कारा सोडला, "मिशी जरा वाकडीच राहिली. डावी बाजू खाली. शिकाऊ असावा बिचारा. फुकटच्या कामाला नावं कशी ठेवायची, पण हात काही बसलेला नव्हता."

काठी खाटेवर आपटली.

"वाकडी?" भाऊ म्हणाला. त्याच्या टकलापर्यंत लाली चढली. "वाकडी? अगं, भावजींचा ओठच डावीकडे उतरला होता! मिशी सरळ कातरली असती तर तोंड वाकडं दिसलं असतं! ओठ बघून उतार दिलाय मी तिला, उतार! म्हणे शिकाऊ! ती मिशी जन्मभर कुणी सांभाळली, गं? दर रविवारी बाजाराला म्हणून कुठं जायचे ते? माझ्या दुकानात! खुर्चीत बसून तुझ्या कागाळ्या सांगायचे, तुझी खुशाली सांगायचे आणि निघताना म्हणायचे, 'साल्या, तिला कळू देऊ नकोस. तिला वाटतं ही मिशी अशीच उगवते!'"

फोटो काढणाऱ्याचा हात हवेतच राहिला. संयोजिका बाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे ह्यांना... नातेवाईक आहे?"

"मला आधीच ठाऊक होतं," ड्रायव्हर सगळ्या वॉर्डाला सांगू लागला.

बाजारातून येताना नवऱ्याच्या पिशवीत कोथिंबिरीची एक काडीही का नसायची, ते बहिणीला आत्ता कळत होतं. तिनं एप्रनच्या टोकानं नाक पुसलं. तेच ते नाक.

खाली गाडीचा हॉर्न वाजला.

भावानं काठी उचलली, पुन्हा खाली ठेवली. मग आईसारखा गळा काढायचा प्रयत्न करत, चिरक्या आवाजात, भिंतीकडे बघून तो म्हणाला, "भांडा रे भांडा, उंबऱ्यात भांडा..."

पुढची ओळ त्यानं मुद्दामच सोडली. लबाड तो लहानपणापासूनच. आता साय आपल्यालाच, अशा बेतानं त्यानं तोंड उघडलं.

"माझी!" बहीण ओरडली. "चूक माझी! मी आधी म्हटलं!"