न दिसलेला माग

"सर, तो विणकरांचा सिनेमा तुम्ही कुठल्या रांगेत बसून बघितलासा?"

हा प्रश्न ऋतिकाचा नव्हताच. शेजारच्या करिष्माने पैज लावून तो तिच्या गळ्यात घातला होता, आणि आता हॉलमधली दोनशे डोकी तिच्याकडे वळली होती. ऋतिका मात्र ताठ उभी. उत्तर तिला ठाऊकच होतं. सर म्हणणार, पुण्याला, पत्रकारांसाठीच्या खास खेळाला. आणि करिष्माचं तोंड कायमचं बंद होणार.

दहावीच्या करिअर मार्गदर्शनाला ज्योतिबा कंग्राळकर सरांनाच बोलवा म्हणून मोठ्या बाईंच्या मागे लागली होती ती ऋतिकाच. बाकीच्या पोरींनी फॉर्मवर डॉक्टर, पोलीस, बँक असं काहीबाही लिहिलं. हिने ठसठशीत अक्षरात 'चित्रपट समीक्षक' लिहिलं. दर शुक्रवारी पेपरात येणारी सरांची समीक्षा कापून ती वहीत चिकटवायची. चार वर्षांची ती फुगलेली वही आत्ताही तिने छातीशी धरली होती.

सर बोललेही झकास. संकेश्वरजवळ एका नटीची गाडी बंद पडली, तेव्हा उसाच्या ट्रॅक्टरवर बसून त्यांनी तिची मुलाखत घेतली होती. नटी ऊस सोलून खातेय आणि सर चिपाडं चुकवत लिहितायत, हे ऐकून पोरं हसून लोळली होती.

पैजेचं मूळ मात्र ऋतिकाच्या घरात होतं. गेल्या वर्षी त्या सिनेमावाल्यांनी वडगावात तिच्या घरी दोन दिवस शूटिंग केलं. तिचे आप्पा, नागोजी, म्हणजे सणालासुद्धा माग बंद ठेवताना कुरकुरणारा माणूस. पण ते दोन दिवस त्या झगझगीत दिव्यांपुढे साडीची एकच वीत पुन्हापुन्हा विणत बसले. मग मागच्या शुक्रवारी सरांनी लिहिलं: 'वडगावच्या मागावरचे प्रसंग अंगावर येतात. विणकराचे हात असे टिपले आहेत की धोट्याची खटखट घरी आल्यावरही कानांत राहते.' आप्पांनी ते तिच्याकडून तीनदा वाचून घेतलं, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि तिला नि निम्मी गल्ली घेऊन दुपारच्या खेळाला गेले.

सिनेमा संपला, नावं सरकली, दिवे लागले. माग कुठंच दिसला नव्हता. आप्पा खुर्चीतच. झाडायला बाई आली तेव्हा उठले. "मधी माझा डोळा लागला व्हता काय गं?" एवढंच विचारलं त्यांनी.

करिष्मा म्हणाली, तुझ्या सरांनी सिनेमा बघितलेलाच नाही. ऋतिका तिच्याशी आठवडाभर भांडली. सरांनी बघितला तेव्हा तो प्रसंग असणार, नंतर कापला असणार. मग विचारून दाखव की, करिष्मा म्हणाली.

सरांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला. तिच्या हातातल्या वहीकडे बघितलं.

"न्हाय बघितला, बाळ."

चालता माग एकदम थांबला की घर जसं बधिर होतं, तसं ऋतिकाचं झालं. करिष्मासुद्धा हसली नाही. मोठ्या बाईंनी घाईघाईत आभार मानून सरांच्या हातात नारळ दिला.

ऋतिका गेटपाशी, त्यांच्या स्कूटरजवळ जाऊन उभी राहिली. सरच बोलले. गुरुवारी चारला पान छपाईला जातं आणि सिनेमा लागतो शुक्रवारी. आधी ते बघून रविवारी लिहायचे. नाही लागला इकडे, तर एसटीने कोल्हापूरला जाऊन यायचे. मग मालक म्हणाले, लोकांना शुक्रवारी सकाळीच पाहिजे. निर्मात्याकडून माहितीचा कागद येतो, त्यात सगळं असतं. पहिल्यांदा लिहिताना हात अडखळला. मग अडखळायचा थांबला. अकरा वर्षं झाली.

ऋतिकाने वही पुढे केली. "चार वर्षांची कात्रणं हाईत. ह्यातली सगळीच?"

"चार वर्षांची हाईत न्हवं?" सर म्हणाले. "मग सगळीच."

तिने वही मागे घेतली. मग तो माग कुणाचा होता ते सांगितलं. सरांनी स्कूटरला अडकवलेला नारळ पुन्हा हातात घेतला.

"घर लांब हाय काय गं?"

आप्पांनी माग थांबवला, दारातल्या सरांना पेपरातल्या फोटोवरून ओळखून हात पुसले, खुर्ची दिली. आईने, अंजनीने, सुताच्या कांड्या भरायचं सोडून चहा टाकला. मागाशेजारच्या भिंतीवर ते कात्रण होतं. आप्पांनी प्लॅस्टिकमध्ये घालून आणलं होतं. सर खुर्चीवर बसलेच नाहीत.

"नागोजीअण्णा, मी खोटं लिवलं. सिनेमा न बघता लिवलं. ते काढून टाका."

आप्पांनी कात्रणावरून बोट फिरवलं. त्यांना धक्का बसलाय की नाही, ते ऋतिकाला कळेना.

"माझं हात असंच चालत्यात," ते शेवटी म्हणाले. "सिनेमात न्हाय आलं, पेपरात तर आलं. ऱ्हाऊ दे तिथंच."

सरांचा चहा गार झाला. मग त्यांनी हळूच विचारलं, चालवून दाखवता काय? आप्पांनी माग सुरू केला. सर चपला काढून उभे राहिले, कुणी मूर्तीपुढे राहावं तसे, आणि बघत राहिले. निघताना नारळ मागाजवळ ठेवून गेले.

आई म्हणाली, ते समीक्षकाचं खूळ आता सुटलं म्हणायचं. ऋतिकाने वही उघडली. चार वर्षं ज्या वाक्यांवरून ती लिहायला शिकली, ती वाक्यं तिने एकदा वरून खाली बघितली. मग शेवटचं कोरं पान काढलं.

"आप्पा, मी पण तो सिनेमा बघितला न्हाय. सगळा वेळ आपला माग शोधत होते. हिरॉईनचं काय झालं, ते पण आठवत न्हाय." "उद्या परत जाणार हाय. पहिल्यापासनं बघणार आणि मग लिवणार. माग त्यात न्हाय, ते पण लिवणार. समीक्षकच होणार हाय मी."

आप्पांनी भिंतीकडे बघितलं. "मग ते काढायचं?"

"न्हाय. त्याच्या शेजारी जागा करा."