लवकर फुललेला तेरडा

"बसा ना, मृणालताई. उभ्या का?" शेवंतीकाकूंनी खुर्ची पुढे सरकवली.

मृणालिनीला बसायचंच होतं. गच्चीवरून ती तशीच धावत खाली आली होती. वर निम्म्या पिशव्यांत नुसती माती होती आणि तिची तेरड्याची झाडं इथे, काकूंच्या हॉलमध्ये, हिरव्या साडीत. वर मुखवटा, गळ्यात मंगळसूत्र, साडीच्या निऱ्यांखाली स्वच्छ धुतलेली तांबूस मुळं. मुळं म्हणजे गौरीची पावलं, म्हणून तेरडा कापायचा नाही, उपटायचा. उपटणाऱ्या हाताला सवय होती, एक मूळ तुटलं नव्हतं.

"काकू, हा तेरडा..."

"तुमचाच की! काय फुललाय! यंदा गौरी लवकर आल्या ना. गोडदेवच्या मागे सगळं रान पालथं घातलं, एकाला कळी नाय. बाजारातपण नुसता पाला. नव्या सुनेचा, सान्वीचा पयला ओवसा आणि बिनफुलाची गौर कशी बसवू? मग म्हटलं, मृणालताई एवढं पाणी घालतात ते कशासाठी? गौरीसाठीच ना!"

सोसायटीत सगळ्यांचा हाच समज होता. मृणालिनीने तो कधी खोडला नाही, कारण खरं सांगायचं म्हणजे पुन्हा शिकवायला बसायचं, आणि कॉलेजातले कंत्राटी तास संपवून घरी आल्यावर कोणाला तेवढा दम असतो?

खरं तर फार अवघड नव्हतं. रत्नागिरीच्या कातळाच्या सड्यावर माती लवकर सुकते, म्हणून तिथला तेरडा घाईने फुलतो. भाईंदरच्या खाडीकडचा निवांत. तिने दोघांचं लग्न लावलं होतं आणि गच्चीवर त्यांची नातवंडं वाढत होती. काहींनी सड्याची घाई उचलली होती, बाकीच्यांना अजून कळीही नव्हती. ही घाई कुठल्या जनुकातून येते, एवढंच तिला शोधायचं होतं. पीएच.डी.ची मुदत दोनदा वाढवून झाली होती, आता वाढणार नव्हती. गणपतीत प्रयोगशाळा बंद, म्हणून पानांचे नमुने पुढच्या आठवड्यावर ढकलले होते. आणि काकूंनी नेमकी फुललेली झाडं तेवढी वेचून नेली होती.

"काकू, त्यांना दोऱ्याने चिठ्ठ्या बांधल्या होत्या. नंबरच्या."

"त्या काढून टाकल्या. देवीच्या अंगावर आकडे बरे दिसतात काय? सकाळी कचरेवाला आला, तो सगळं घेऊन गेला."

म्हणजे कुठलं झाड कुठलं, हेही गेलं. चिठ्ठ्या पिशव्यांना बांधायच्या सोडून खोडांना बांधणारी शहाणी ती स्वतःच. तिला संताप आला, काकूंचा आणि त्याहून जास्त स्वतःचा. ओरडावं, सगळं सांगून टाकावं, असं ओठांवर आलं.

"काय झालं ताई? काय चुकलं का माझं?" काकूंचा चेहरा एवढासा झाला. मागे जरीची साडी सावरत सान्वी गौरीला वाहायचं ओवशाचं सूप घेऊन उभी होती. पहिलाच सण, घाबरलेली पोर. ती दोघींकडे आळीपाळीने बघत होती.

"नाही हो," मृणालिनी म्हणाली. "छान दिसतेय गौर."

काकूंचा जीव भांड्यात पडला. "सान्वी, आधी ताईंच्या पाया पड. गौर त्यांच्याकडून आलीय, म्हणजे तिचं माहेर तेच." सान्वी वाकली. कॉलेजात मुली वाकल्या की मृणालिनी "चांगला अभ्यास कर" म्हणते. आज तिने सान्वीच्या डोक्यावर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

मग ती गौरीपुढे गेली. निऱ्यांच्या आड एक बोंड लोंबत होतं. पिकलेलं बोंड बोट लागताच फुटतं आणि बिया उडतात. निदान बी तरी हाती लागावं म्हणून तिने ते हलकेच दाबलं. हिरवं होतं, कोवळं होतं, फुटलं नाही. तिने अजून एक दाबून पाहिलं.

"असं वाकून पाया पडायला पायजे," काकू मागून सुनेला सांगत होत्या. "बघ, ताई कशा पडतायत."

मृणालिनीने हात जोडले.