एकशे एकोणीस बिया

एकशे एकोणीस. पुन्हा मोजल्या. एकशे एकोणीस!

बारा मुलं, प्रत्येकाला दहा बिया, म्हणजे एकशे वीस व्हायला हव्यात. बालवर्गात बावीस वर्षं काढलेल्या बाईचा तरी हा हिशेब चुकू नये. पानगळ सुरू झाली की मी मुलांना घेऊन अंगण पालथं घालते. लहान पान, मोठं पान, लाल, पिवळं, असे ढीग लावतो. मग त्या तपकिरी, वाटाण्याएवढ्या बिया. अंड्यांच्या ट्रेचे दहा-दहा खळग्यांचे तुकडे कापलेत, एका खळग्यात एक बी. मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकेला, हे पहिल्यापासून पसंत नव्हतं. "चार वर्षांची पोरं ती, कुठे घातली म्हणजे?" मी म्हटलं, "मोजून देते, मोजून घेते. जबाबदारी माझी." भारी तोरा होता मला त्याचा.

नेहमी मी एकेक ट्रे बघते आणि मगच डब्यात ओतते. आज मोठ्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि मला शहाणपणा सुचला. "बघा, कशी स्वतःचं स्वतः आवरतात!" म्हणत मुलांनाच ओतायला सांगितलं. त्या मान हलवून गेल्या. आता एक बी कमी, आणि ती कोणाच्या ट्रेमधली ते कळायला मार्ग नाही.

शाळा सुटायला दहा मिनिटं होती. फाटकाबाहेर आया जमायला लागल्या होत्या.

"बी कोणी खाल्ली?" मी विचारलं. अकरा हात वर! एक म्हणतो, मी दोन खाल्ल्या. एक म्हणते, मी पानपण खाल्लं. तिच्या शेजारचा म्हणाला, मी कुत्रा खाल्ला. एरवी मी पोट धरून हसले असते. हात वर नव्हता तो एकट्या गोगलगायीचा. हे नाव मीच ठेवलेलं. साधी चप्पल घालायला तिला पाव तास लागतो. "चला, तू तरी शहाणी," म्हणून तिला दाराजवळ बसवलं आणि बाकीच्या अकरा जणांची तोंडं, नाकं, कान टॉर्च लावून तपासले. काही नाही. सतरंज्या झटकल्या. काही नाही.

आमच्या मदतनीस मावशी हळूच म्हणाल्या, "बाई, एक बी ती. केरात गेली असेल. सोडा ना पोरांना."

खोटं कशाला सांगू, मला ते पटायला लागलं होतं. कोणाला कळणार होतं? पण श्वासनलिकेत गेली असली तर? घरी जाऊन पोर गुदमरलं तर? "फाटक उघडायचं नाही!" मी मावशींवर खेकसले. त्यांचा काय दोष होता बिचाऱ्यांचा.

मग डब्यात मूठभर जास्तीच्या बिया टाकल्या आणि बाराही जणांना पुन्हा ट्रे वाटले. "मघाशी होत्या तशा भरा." ज्याने एकदा कुठे घातली तो पुन्हा घालायला जाईल, असा माझा अंदाज. डोळ्यांत तेल घालून बघत राहिले. सगळ्यांचे खळगे भरले. कोणाचाच हात तोंडाकडे गेला नाही. गोगलगाय सगळ्यात शेवटी थांबली. तिचा एक खळगा रिकामा.

"अगं, एक राहिली की."

"नाही राहिली." तिने ट्रेवर बोट ठेवलं. "इथे नऊ." मग तेच बोट नाकाला लावलं. "इथे एक. दहा झाल्या."

तिने बी खाल्लीच नव्हती, म्हणून हात वर केला नव्हता. अख्ख्या वर्गात खरं बोलणारं एकच पोर, आणि तपासायचं राहिलं ते तेवढंच.

ओरडावंसं वाटत होतं, तिच्यावर नाही, स्वतःवर. पण ती घाबरून रडली, एक हुंदका आत ओढला, की संपलं. माझ्या नवऱ्याने जन्मात ऐकला नसेल असा गोड आवाज काढला. "तोंडाने श्वास घे हं बाळा. नाकाने मुळीच नाही." तिचं दप्तर खांद्याला अडकवलं, तिला उचललं आणि निघाले.

फाटकात तिची आई पुढे धावली. "काय झालं? काय झालं हिला?"

"नाकात बी आहे. डॉक्टरांकडे नेतेय. रडू नका, तीही रडेल."

तिने तोंडावर हात दाबला आणि माझ्याबरोबर पळत सुटली. दवाखाना रस्त्यापलीकडेच होता, पण रस्ता काही केल्या संपेना.

"बाई, तुम्ही रागावलात?"

"नाही गं."

"मग तुमचे हात का हलतायत?"

डॉक्टरांनी डोक्याला दिवा बांधला, बारीक आकडी आत घातली. मी तिचं डोकं धरलं होतं, आईने पाय. अर्धं मिनिटही लागलं नसेल. बी बाहेर आली आणि गोगलगायीने भोकाड पसरलं. "रड," मी म्हटलं, "आता हवं तेवढं रड." आणि तिच्याबरोबर मीही रडायला लागले.

आईने तिला छातीशी घट्ट धरलं. "केवढे उपकार झाले बाई तुमचे."

गप्प बसता आलं असतं. "उपकार कसले," मी म्हटलं. "चूक माझी आहे. ट्रे बघून घ्यायचे असतात. आज नाही बघितले. शायनिंग मारायला गेले."

ती माझ्याकडे बघत राहिली. चेहरा हळूहळू बदलला. मग तिने मुलीचं दप्तर माझ्या खांद्यावरून काढून घेतलं आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी हजेरीला अकराच मुलं होती. मी बाराव्या नावाला तीनदा हाक मारली.