चहात विरघळलेली गोळी

मित्रांनो, मी एक जुनी किटली आहे. ॲल्युमिनियमची, काळ्या दांडीची, पोटाला पोचा पडलेली. हसू नका, त्या पोच्याचीच गोष्ट सांगते आहे.

कारखान्यातून मी या घरात आले. घरात तिघं: आई, दादा आणि त्याची धाकटी बहीण. दादा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अक्षर असं देखणं, की गिऱ्हाईक आधी पाटीपाशीच थबकायचं. ब्रश हातात असला की त्याला माझ्यातला चहा लागायचा. "ही किटली आहे म्हणून मी आहे!" असं तो म्हणायचा, आणि मी फुगून जायचे.

मग दादा बदलला. अर्धी पाटी भिंतीला टेकून तशीच राहिली. आंघोळ नको, मित्र नकोत, झोप नाही. भिंतीपलीकडचे लोक आपल्याला शिव्या देतात म्हणायचा, खिडक्यांना कागद चिकटवायचा. मला काहीच ऐकू यायचं नाही. पण त्याला खरोखर ऐकू यायचं, मित्रांनो. भरलेला कप तसाच टाकून तो कोपऱ्यात जाऊन बसायचा. शेजारचे काका म्हणाले, "नुसता आळस हो! लग्न लावून द्या, डोकं येईल ठिकाणावर." फुकटचा सल्ला द्यायला यांचं काय जातं!

डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. गोळ्यांनी आवाज कमी झाले, पण अंगात सुस्ती भरली. ब्रश धरवेना, म्हणून दादाने गोळ्या सोडल्या. आईचा जीव टांगणीला लागला. तिने गोळी कुटली आणि त्याच्यापुरत्या चहात, माझ्या पोटात, गुपचूप टाकली.

एका दुपारी त्याने माझं झाकण उघडलं. तळाशी पांढरा गाळ होता.

"विष! घरचेसुद्धा त्यांनाच सामील!" त्याने मला भिंतीवर भिरकावलं, तोच हा पोचा, आणि खोलीची कडी आतून लावून घेतली.

दुसऱ्या दिवशीही दार उघडलं नाही. पोटात अन्न नाही, पाणी नाही. आई दाराशी रडत होती. काका दार फोडायला निघाले. बहीण आडवी आली. "दाराला हात लावाल तर बघा! तो आधीच घाबरलाय."

तिने मला घासलं आणि दारासमोर शेगडी मांडली. "दादा, फटीतून बघ. पाणी, पत्ती, साखर, दूध. बाकी काही नाही." दोन कप भरले, एकातला अर्धा ती स्वतः प्यायली. "काल गोळी होती. तुझ्यापासून लपवलं, चुकलं आमचं. सुस्ती येते ते बाईंना तूच सांग. मी येते बरोबर."

चहावर साय धरली. आईने पदर तोंडात कोंबला.

कडी वाजली. एक हात बाहेर आला. त्याने भरलेला कप घेतला नाही, बहिणीचा उष्टा घेतला.

"उद्या जाऊ," आतून आवाज आला.

बाईंनी औषध बदललं. आवाज पुरते गेलेले नाहीत, पण अर्धी पाटी हळूहळू पुरी होते आहे. गोळी तो सगळ्यांसमोर, स्वतःच्या हाताने घेतो. चहाआधी मात्र दर वेळी माझं झाकण उघडून आत बघतो.

मित्रांनो, तुमच्या घरी असं कुणी असेल, तर एवढंच करा. त्याच्या चहात काही लपवू नका. आणि त्याने झाकण उघडलं, तर रागावू नका. बघू द्या त्याला.