माझ्या पोटात फोम भरू नका

मी गिटार बोलतेय, आणि चिडून बोलतेय. गोड बोलणं ऐकायचं असेल त्यांनी कोपऱ्यातल्या पेटीकडे जावं.

मी आतून पोकळ आहे. मुद्दाम! लाकडाच्या पातळ फळ्या वाकवून माझी छाती घुमटासारखी उचलली, दोन्ही बाजूंना लांबट, वळणदार भोकं कापली. तारांखाली दोन पिकअप बसवले. ते तारांचं थरथरणं वायरीतून स्पीकरला पोचवतात. पण आवाजातला गोलावा माझ्या पोटातल्या हवेचा. म्हणून तर मी दचकते. कुणी दार आपटलं तरी तारा शहारतात. हा दोष? मग कानालाही दोष द्या!

कृपा प्राथमिक शाळेत शिकवते. तिने मला पुण्यातून जुनी घेतली आणि मांडीवर धरून एसटीने सोनईला आणली. चार वर्षं चर्चमध्ये आम्ही छोट्या स्पीकरवर वाजलो. कुणाची तक्रार नव्हती.

यंदा सुगीच्या सणाला, म्हणजे उपकारस्तुतीला, चर्चच्या मंडळींनी लग्नात डीजे लावणारा अमृत बोलावला. त्याने स्पीकरचे माणसाएवढे बॉक्स थेट कृपाच्या पाठीशी रचले. का? तर पुढे अर्पणात आलेल्या कांदे-कोंबड्यांच्या लिलावाला जागा हवी!

पहिलाच सूर लागला. बॉक्सचा आवाज माझ्या पोटात शिरला, तिथून तारांत, तारांतून परत बॉक्समध्ये. मी किंचाळले. लेकरं रडली, एक कोंबडा सुटून थेट वेदीवर चढला.

"ताई, लई बोंबलती तुमची गिटार," अमृत म्हणाला.

"बॉक्स मागं आहेत ना, म्हणून..."

"बॉक्सला काय झालंय? धा लग्नं काढली त्यांनी."

झालं. गुन्हेगार मी!

उपकारस्तुती आजही आहे, म्हणून सकाळीच कृपाचे जोसेफमामा आले. ते दारं-खिडक्या बसवतात. हातात फोमचा डबा, चौकटीच्या फटी बुजवायचा. फवारला की फुगतो, मग कडक वाळतो.

"आतनं पोकळ हाय म्हनून घुमती. भरून टाकू."

"मामा, पण..."

"पन काय गं? अठरा खिडक्या भरल्या म्या. एक तरी वाजती का?"

चाळीस पोरांना एका हाकेत बसवणारी बाई, आणि मामांपुढे तोंडाला कुलूप! तिचाही राग आला मला.

डाव्या भोकात नळी गेली. फोम सुस्स करत आत शिरला, फुगला. जाड तारेचा घोगरा सूर तिथेच घुसमटला. अहो, जिथून गाणं निघतं तीच जागा तुम्हाला अडचण वाटते? बॉक्स दोन हात सरकवायला जड, आणि माझं पोट बुजवायला सोपं? किंचाळणाऱ्याला एकदा तरी विचारावं, काय टोचतंय म्हणून!

मामांनी नळी उजव्या भोकाकडे वळवली. तिथे कृपाचा तळहात आडवा आला.

"आगं, हात काढ! चिकटंल. कातडं निघतं त्यानं."

"निघू दे. अमृतला बॉक्स पुढं घ्यायला सांगा, नाहीतर मी वाजवणार नाही."

मामा नळी धरून उभेच आहेत. मामा, डबा खाली ठेवा. उरलेल्या अर्ध्या पोटाने मी गाईन, वचन देते.

आणि कृपा, तू हात काढू नकोस.